वारा दिसतो, तरी छत्री मिटत नाही

आठवडी बाजारात बसणाऱ्या माणसाची छत्री हीच भिंत, हेच छप्पर आणि हीच त्याच्या दुकानाची पाटी. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, जवळा बाजार, आखाडा बाळापूर, आमच्या जिल्ह्यातला कोणताही बाजार घ्या. होळी झाली की बाजारतळावर मोठमोठ्या छत्र्या उभ्या राहतात. कापडवाला, बांगडीवाला, चप्पल सांधणारा, कुलूप-किल्लीवाला, अत्तर-सुरम्यावाला, सर्वांचा धंदा त्या सावलीत चालतो. उधारीवर, मंदीवर आणि मोबाईलवरून होणाऱ्या खरेदीवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु ज्या छत्रीखाली आपली रोजी आहे, तिच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही. म्हणून आज तिच्यावरच लिहावे असे ठरवले. वाचक व्यापारी बंधूंना विषय क्षुल्लक वाटला तर त्यांनी पुढचा प्रसंग तेवढा वाचावा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वैशाखातली लग्नसराई होती. जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावच्या बाजारात आम्ही कापडाचे दुकान लावून बसलो होतो. दुपारचे चार वाजले असतील. नवरीकडची मंडळी आहेराच्या साड्या पाहत होती. गठ्ठे सुटलेले, साड्या पसरलेल्या आणि सौदा जमत आलेला. पश्चिमेला आभाळ काळे झाले होते. मुलाने विचारले, "अब्बा, छत्री उतारू क्या?" आम्ही हातानेच खूण केली, थांब. छत्री मिटली की गिऱ्हाईक उठते, हा हिशेब डोक्यात होता.

पुढे जे झाले ते मिनिटभरात झाले. धुळीचा लोट आला, छत्री पाइपासकट उपटली गेली, दोन रांगा ओलांडून गेली आणि कोथिंबीर विकणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशीच्या हातावर तिचा पाइप पडला. मनगट मोडले. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, तो करणे भागच होते. परंतु दीड महिना तिचा हात प्लास्टरमध्ये राहिला आणि तिचे बाजार बुडाले, ते कसे भरून द्यायचे? आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "भाई, वारं तर मलाबी दिसलं होतं. तुमाला नाही दिसलं का?"

बाजारातल्या मित्रांनी आमची समजूत घातली. वाऱ्याचे काम आहे, तुमची काय चूक, असे सगळेच म्हणाले. नशिबावर खापर फोडणे सोपे असते. वारा आमच्या हातात नव्हता हे खरे, परंतु छत्री तर आमच्याच हातात होती. वाऱ्याने जे उडवले ते आमचे होते, आणि जिला लागले ती परकी होती. हा हिशेब आम्हाला आजपर्यंत चुकता करता आलेला नाही.

गार झुळूक ही खबर आहे

आपल्याकडे उन्हाळ्यातला वारा कसा येतो हे आधी समजून घेतले पाहिजे. चैत्र-वैशाखात जमीन तापते, दुपारनंतर ढग उंच चढतात. त्या ढगातून पाऊस खाली येऊ लागला की त्याच्याभोवतीची हवा गार आणि जड होते आणि वरून खाली कोसळते. जमिनीवर आदळून ती चारी दिशांना पसरते. म्हणूनच पाऊस अजून मैलभर दूर असतो आणि वारा आधी येऊन पोहोचतो. पुढे धूळ, मागे वारा, त्यामागे टपोरे थेंब, हा क्रम आपण सर्वांनी पाहिला आहे.

दुपारभर घामाने निथळणाऱ्या बाजाराला एकाएकी गार झुळूक लागते. माणसे टोपी काढतात, सदऱ्याची बटणे सोडतात, "हाय, काय थंड हवा सुटली" म्हणतात. आमचे म्हणणे असे की, हीच ती वेळ आहे. आभाळ काळे असताना अचानक आलेली गार झुळूक म्हणजे वाऱ्याने पाठवलेली खबर होय. ती मिळाल्यावर हातात थोडी मिनिटे असतात. त्या मिनिटांत सौदा पूर्ण करायचा की छत्री उतरवायची, एवढाच प्रश्न उरतो.

आज तर खबर त्याआधीही मिळते. हवामान खाते जिल्हावार इशारे देते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला शेतकऱ्यांसाठी निघतो, तो व्यापाऱ्याने वाचू नये असे कुठे आहे? विजेसाठी 'दामिनी' नावाचे मोबाईल ॲप आहे. बाजाराला निघताना आपण भाव विचारतो, हवाही विचारून घ्यावी.

किलोमीटरचे किलो करून पाहा

हवामानाच्या इशाऱ्यात लिहिलेले असते, "ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे" किंवा "ताशी ४० ते ५०". आपण वाचतो आणि सोडून देतो, कारण किलोमीटर म्हटले की आपल्याला मोटारसायकल आठवते. मोटारसायकलवर ४० म्हणजे काहीच नाही. व्यापाऱ्याला समजते ते वजन. म्हणून हाच आकडा वजनात मांडून पाहू.

८ फुटी छत्रीचा पसारा सुमारे ५० चौरस फूट होतो. एवढ्या पसाऱ्यावर वारा समोरून सरळ आदळला तर त्याचा जोर साधारण असा पडतो: ताशी २० किलोमीटरला ९ किलो, ३० ला २० किलो, ४० ला ३६ किलो, ५० ला ५६ किलो आणि ६० ला ८१ किलो. यात एक मेख आहे. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. सकाळी २० च्या वाऱ्यात डुलत उभी असलेली छत्री दुपारी ४० च्या वाऱ्यात चौपट ओढ खाते. "सकाळपासून उभी आहे, काही होत नाही" हे वाक्य म्हणूनच फसवे आहे.

हा हिशेब सरळ आदळणाऱ्या वाऱ्याचा आहे. छत्री सरळ उभी असेल तर आडवा वारा तिला एवढा लागत नाही. परंतु दुपारनंतर आपण काय करतो? ऊन पश्चिमेकडून येते म्हणून छत्री तिकडे कलती करतो, म्हणजे तिचा पसारा वाऱ्यापुढे उभा धरतो. त्या छत्रीच्या पाठीवर वारा आला तर घसरून जातो, जोर कमी पडतो. पोटात भरला तर मात्र वर सांगितलेल्यापेक्षाही जास्त पडतो, आणि छत्री उलटी होते किंवा उडते. ज्या वेळी वादळ येते नेमकी त्याच वेळी आपली छत्री कललेली असते, हे ध्यानात ठेवावे.

आता बुडाच्या वजनाकडे येऊ. बरेच जण म्हणतात, खाली दोन दगड ठेवले, झाले. वास्तविक हा तराजूचा नव्हे, पहारीचा मामला आहे. वारा ७ फूट उंचीवर ओढतो आणि बुडाचा आधार मधल्या दांड्यापासून जेमतेम फूटभर असतो. म्हणजे वरचा ९ किलोचा जोर पेलायला खाली ६० किलोच्या वर वजन लागते. हे झाले फक्त २० च्या वाऱ्याचे. ४० च्या वाऱ्याला अडीचशे किलो हवेत. अडीचशे किलो घेऊन कोणता बाजारकरू फिरणार आहे?

यातून निघणारे उत्तर साधे आहे. वजन छत्री वाचवत नाही. वजन तुम्हाला छत्री मिटण्यापुरता वेळ देते, एवढेच. वादळात छत्री वाचवण्याचा इलाज एकच, ती मिटून आडवी टाकणे. म्हणून वजन ठेवू नये असे मात्र नाही, तो वेळ मिळण्यासाठी ते हवेच. खाद्यतेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्यात कोरडी वाळू किंवा मुरूम भरला तर एका डब्याचे सुमारे २५ किलो होतात. असे ३ डबे दांड्याला घट्ट जखडावेत. त्याच डब्यात पाणी भरले तर १६-१७ किलोच होते. जुन्या टायरमध्ये काँक्रीट ओतून मधोमध पाइप बसवलेले बूड तर सर्वांत चांगले, ते टेम्पोत गडगडत नेता येते.

कापड आणि कारागिरी

आम्ही कापडवाले, तेव्हा छत्रीच्या कापडाबद्दल चार शब्द अधिकाराने सांगू शकतो. बाजारात दिसणाऱ्या कितीतरी छत्र्या जाहिरातीच्या असतात. कोणा कंपनीने फुकट दिलेल्या, पातळ कापडाच्या, भडक रंगाच्या. फुकटची छत्री आपल्याला स्वस्त पडते असे नाही. निळ्या छत्रीखाली पिवळी साडी हिरवट दिसते आणि लाल छत्रीखाली पांढरा लठ्ठा गुलाबी. गिऱ्हाईक पदर उचलून उन्हात नेते आणि रंग वेगळा दिसला की त्याचा विश्वास उडतो. कापड विकणाऱ्याने पांढरी किंवा मळकट पांढरी छत्रीच वापरावी.

दुसरे असे की, ऊन कापडाला आतून खाते. नायलॉन आणि पॉलिस्टर वरून धड दिसते, पण दोन-तीन उन्हाळे खाल्ल्यावर बोटाने ताणले तरी फाटते. हंगामाच्या आधी शिवणीजवळ ताणून पाहावे. सुती कॅनव्हास जास्त टिकते, परंतु ओले गुंडाळून ठेवले की बुरशी लागून कुजते. पावसात भिजलेली छत्री घरी नेऊन उघडून वाळवावी, आळस करू नये.

आमच्या शिंपी आणि छत्री दुरुस्त करणाऱ्या कारागीर बांधवांना येथे एक धंदा सुचवावासा वाटतो. छत्रीच्या माथ्याला फूटभर व्यासाचे गोल तोंड ठेवावे आणि त्यावर दीड फुटाची टोपी बसवावी. टोपी सगळीकडून शिवू नये, आठ काड्यांवर आठ ठिकाणीच टाके घालावेत. पोटात शिरलेला वारा त्या फटीतून वर निघून जातो, ऊन आणि पाऊस मात्र आत येत नाहीत. काडीच्या टोकाला दुहेरी कापड लावावे. दोरा पॉलिस्टरचा वापरावा, सुती दोरा कापडाच्या आधी कुजतो. वेल्डिंगवाल्या बांधवांनी गाडीच्या जुन्या चाकाच्या लोखंडी रिमवर पाइप जोडून बूड तयार करावे. बाहेरून आलेली तकलादू छत्री दरवर्षी घेण्यापेक्षा गावच्या हुनराने केलेली एक छत्री पाच वर्षे जाईल, आणि पैसा गावातच राहील.

पाल लावणाऱ्यांसाठीही एक सूचना. दोरीच्या चार टोकांपैकी वाऱ्याकडच्या दोन टोकांना सरकगाठ मारावी, जी एका ओढीत सुटते. वाऱ्यात निरगाठ सोडत बसायला वेळ मिळत नाही. आणि दोरी विजेच्या खांबाला कदापि बांधू नये.

बाजारतळावर फरशी आली, खुंटी गेली

आता प्रशासनाकडे वळू. पूर्वी बाजारतळ मातीचा होता. दीड फूट पाइप ठोकला की छत्री उभी राहायची. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा तोही पाइप पुरता भरवशाचा नसे, परंतु काहीतरी आधार होता. आता कित्येक ठिकाणी सिमेंट आणि फरशीचे ब्लॉक आले, ओटे बांधले गेले. चिखल गेला, चांगले झाले. परंतु छत्री रोवायला एक भोक कोणी ठेवले नाही. जिल्ह्यातल्या अशाच एका बाजारतळावर आम्ही संबंधितांना विचारले, तर उत्तर मिळाले की आराखड्यात छत्री नाही. बाजार भरतो तोच मुळी छत्रीखाली, आणि आराखड्यात छत्रीच नाही! बाजाराची वसुली मात्र दर आठवड्याला न चुकता होते.

आमची मागणी फार मोठी नाही. बसण्याच्या प्रत्येक जागेवर काँक्रीटमध्ये दोन फूट खोल एक लोखंडी नळी पुरावी आणि बाजूला दोरीसाठी दोन कड्या बसवाव्यात. नवीन फरशी टाकताना हे केले तर त्याचा खर्च किरकोळ आहे.

ही मेहरबानी मागणे नव्हे. रस्त्यावरील विक्रेत्यांचा कायदा २०१४ मध्ये झाला. शहरांसाठी त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे कायद्यातच लिहिले आहे. विक्रेता जी फी भरतो ती सोयींसाठी भरतो, हेही त्याच कायद्यात आहे. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गावची समिती कोण आहे हे विचारले? हा कायदा नगरपालिका आणि नगरपंचायतींच्या हद्दीत लागू होतो. ग्रामपंचायतीच्या बाजारात ग्रामसभेत उठून बोलावे लागेल. नुसते बाजारात कुरकुरून नळी बसणार नाही.

पहिली छत्री कोण मिटणार?

हे सर्व झाले तरी मूळ दुखणे राहतेच. सर्वांना वारा दिसतो, मग छत्री मिटत का नाही? कारण जो पहिल्यांदा मिटेल त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या छत्रीखाली जाईल. आम्ही त्या दिवशी हेच मनात धरून बसलो होतो. शेजारी आमच्याकडे पाहत होता, आम्ही शेजाऱ्याकडे. दोघेही थांबलो आणि मनगट मोडले मावशीचे.

एकट्याने मिटणे नुकसानीचे असेल तर सर्वांनी एकदम मिटावी, हा त्यावरचा तोड आहे. प्रत्येक रांगेने एक जाणता माणूस ठरवावा. त्याच्याकडे शिट्टी द्यावी. पश्चिमेला काळे आभाळ आणि गार झुळूक, एवढे दिसले की त्याने शिट्टी वाजवावी आणि रांगेतली प्रत्येक छत्री खाली यावी. हिंदू असो, मुसलमान असो, कापडवाला असो की भाजीवाला, त्या शिट्टीला कोणी वाद घालू नये. वीस मिनिटांचे गिऱ्हाईक कोणाचेच पळणार नाही, कारण बसायला दुसरी उघडी छत्रीच नसेल. वारा गेला की पुन्हा उभ्या कराव्यात. गिऱ्हाईकही असा बाजार ओळखून ठेवते.

मिटल्यावर छत्रीला धरून उभे राहू नये. लोखंडी दांडा हातात आणि डोक्यावर विजा, हे बरे नव्हे. वारा वाढल्यावर उघडी छत्री ओढून धरण्याची कुस्ती तर मुळीच खेळू नये. आणि आसरा कुठे घ्यावा, हेही आधी पाहून ठेवावे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यात पारस येथे वादळी पावसात एका मंदिराच्या टिनशेडखाली माणसे जमली होती. शेडवर जुने कडुनिंबाचे झाड कोसळले आणि ७ जणांचा जीव गेला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वाऱ्याने अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर पडला आणि १७ माणसे गेली. म्हणून झाड, टिनशेड आणि फलक टाळून पक्क्या इमारतीत जावे.

काही व्यापारी म्हणतील की हे वादळ वर्षातून दोनदा येते, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना आम्ही आठवण करून देऊ की २०२२ ची ईद ३ मे रोजी होती आणि २०२३ ची २२ एप्रिलला. म्हणजे आपला सर्वांत मोठा बाजार ऐन वळवाच्या दिवसांत भरला होता. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, तो हळूहळू थंडीत जाईल. परंतु लग्नसराई वैशाखातच राहणार, आणि वारा कोणत्याही सणाचे कॅलेंडर पाहून येत नाही.

धंद्यात आपण लेकरांना पुष्कळ शिकवतो. गज कसा धरावा, तागा कसा उलगडावा, गिऱ्हाईक कसे बसवावे. छत्री उभी करायलाही शिकवतो. ती वेळेवर मिटायला मात्र शिकवत नाही. त्या दिवशी आमच्या मुलाला ते न शिकवताच कळले होते, आम्हीच त्याला थांबवले. आता आमच्या दुकानावर नियम असा आहे की छत्री उतरवायची की नाही हे तो ठरवतो, आम्हाला विचारत नाही. गेल्या काही उन्हाळ्यांत यापायी दोन-तीन सौदे मोडले असतील. परंतु ती मावशी अजून त्याच बाजारात बसते, आणि आभाळ काळे झाले की आधी आमच्या छत्रीकडे पाहते. ती मिटलेली दिसली की मग आपली पाटी झाकते. तिच्या त्या पाहण्यापुढे सौदे मोडले याचे आम्हाला काही वाटत नाही.